सोमा मागं होता

सोमा, तुझ्या बाराव्याला मी लोकांना हसवलं.

हसवायचं नव्हतं. देवाशप्पत नव्हतं. पण माझी देवाशप्पत कितपत धरायची, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पंगत उठली होती. गडीमाणसं अंगणात सुपारी कातरत बसली होती, बायका आत भांडी आवरत होत्या. कुणीतरी म्हणालं, दादू, ती इमानतळावरच्या कोनाची गोष्ट सांग की, सोमाला बरं वाटंल. तू फोटोत होतास. फोटो आधार कार्डावरनं मोठा करून आणलेला, त्यामुळं कुणीतरी आत्ताच दरडावल्यासारखा बघत होतास. मी मुद्दाम तुझ्याकडं पाठ करून बसलो होतो.

पुढं काय झालं ते सांगतो. पण आधी मी ती गोष्ट कशी सांगतो, ते एकदा ऐक. तू ती लाखदा ऐकलीस, पण दर वेळी मान खाली घालून. आज समोर बघून ऐक.

गणेशगुडीच्या लॉजवर जेवणाआधी पाहुणे शेकोटीभोवती बसले की मी घसा खाकरतो. आम्ही तिघं दोस्त. मी, दांडेलीचा मंजा आणि कुंभारवाड्याकडचा आमचा सोमा. तिघंही या काली नदीवर राफ्ट मारणारे. एक साल इथलं राफ्टिंग बंद पडलं आणि आम्ही निघालो जग बघायला. पाठीवरच्या सॅक एवढ्या मोठ्या, की मागून बघणाऱ्याला वाटावं सॅकच चालल्यात आणि माणसं घरी विसरलीत. काठमांडूचा विमानतळ. सोमाची सॅक यंत्रात गेली आणि यंत्रानं डोळे पांढरे केले. आत काय, तर घागरीएवढा कोन. कोन म्हणजे आमच्या जोयड्याचा कंद. उकडून खाल्ला तर स्वर्ग, आणि दिसायला हुबेहूब बाँब, काळा, केसाळ, मातीनं माखलेला. शिट्ट्या वाजल्या. कुत्री आली. कुत्र्यांनी वास घेतला आणि जागच्या जागी पाय वर केले. पलटण आली. विमानं वरच्या वर घिरट्या घालत राहिली, कुठल्याशा देशाचा मंत्री संडासात अडकून पडला. आणि आमचा सोमा त्या कोनाला मिठी मारून रडतोय, आईनं दिलाय हो, आईनं दिलाय. मग मी पुढं झालो. कोयता मागितला, कोन कापला आणि अख्ख्या पलटणीला उकडून घातला.

तिथून पुढं थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया. दर देशात सोमा घाबरतो आणि मी त्याला सोडवतो. हनोईत एक रस्ता ओलांडायला आम्हाला दुपारपासून संध्याकाळ लागते, मोटारसायकलींच्या त्या पुरात सोमा माझ्या पाठीवर. लाओसच्या जंगलात काकडीएवढ्या जळवा, अस्वल आमच्या सॅकमधला साबण खातंय, आणि आम्ही चाललोय. मंजा पुढं, मी मागं, सोमा मधी.

इथं हसू फुटतं. पुण्या-बंगळूरचे पाहुणे जळवांना हसतात. आपली माणसं असली, तर ती मधीला हसतात.

त्या पाहुण्यांना काय कळणार. तुमच्याकडं जंगलातून चालायची रीत आहे. पुढं कुणीही चालावं, कोळ्याची जाळी तोंडावर घ्यायला एक धडधाकट पोरगं असलं म्हणजे झालं. मधी पोरं, बाळंतीण, आजारी, पाहुणा. आणि सगळ्यांत मागं तो, ज्याच्यावर वाडीचा जीव. कारण पुढच्याला मागं कोण राहिलं ते दिसत नाही. घसरलेला, दमलेला, वाट चुकलेला जो तो शेवटी मागच्याच्या हाती लागतो. पुढचा हाळी देतो, आलं काय? मागचा सांगतो, आलं. ते 'आलं' ऐकू येईपर्यंत पुढच्यानं पाऊल उचलायचं नाही. तुझा बाप मागं चालायचा. तो थकल्यावर वाडीनं न बोलता तुला मागं ठेवलं, तेव्हा तुला धड मिशी नव्हती. आणि एखाद्याला अगदी धुळीला मिळवायचं असेल तर कुंभारवाड्याकडं शिवी देत नाहीत. म्हणतात, त्यो मधी चालतोय.

मी रामनगरचा. बापाचं दुकान, मूळ खानापूरकडचं, जंगल म्हणजे आमच्यासाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतं ते. तुझ्याबरोबर पहिल्यांदा रानात आलो तेव्हा तू मला कुठं घातलंस? मधी. ती माझी हक्काची जागा होती. आयुष्यभर मी फक्त एवढंच केलं, की गोष्टीत तुझी आणि माझी जागा बदलली. बाकी अस्वलं, मंत्री, कुत्री, ती सगळी मसाल्याची. त्यांनी कुणाचं काही बिघडलं नाही.

खरं सांगायला बसलो की माझी जीभ कशी जड होते बघ. तरी सांगतो.

विमानतळावर कुत्री आली नव्हती. एक अधिकारी होता, डोळ्यांखाली झोप साठलेला. त्यानं सॅक उघडायला लावली, कोनावरचा पेंढा बाजूला केला, नखानं साल खरवडून वास घेतला आणि एकदम पोरासारखा हसला. तरुल, म्हणाला. त्यांच्याकडंही होतो म्हणे, संक्रांतीला उकडतात, त्याची आई परड्यात लावते. त्यानं पेंढा परत होता तसा गुंडाळून दिला. एवढंच. ती खरी गोष्ट माझ्या गोष्टीहून चांगली होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण तिच्यात मला काही कामच नव्हतं.

आणि तू कोन नेलास तो मिठी मारायला नव्हे. तुझ्या आईनं सांगितलं होतं, परक्याच्या उंबऱ्यात मोकळ्या हातानं शिरू नये. म्हणून ज्या घरात आपल्याला कुणी झोपू दिलं, त्या घरात तू डोळा असलेला एक तुकडा कापून दिलास, लावायला. कर्णदाईच्या घरी पहिला. आपल्याबरोबर कालीवर राफ्ट मारणारा कर्णदाई, दादाला तिकडं दाई म्हणतात, ज्यानं नेपाळात बोलावलं, त्रिशूली नदीवर काम दिलं आणि ते संपल्यावर इतकं जवळ आलायसा तर पुढंही बघून या म्हणाला. त्याच्या आईनं तो तुकडा कपाळाला लावून घेतला. मंजा हसला, मी त्याच्याहून मोठ्यानं हसलो. नेपाळच्या डोंगरात आपण तिघं चालायचो तेव्हा मंजा पुढं, मी मधी, तू मागं. थंडीनं मी बडबडत असायचो, आणि मागनं तुझं ते एकच उत्तर यायचं. आलं. मला वाटायचं, या माणसाला दुसरा शब्द येत नाही.

बँकॉकात मंजाला घरून फोन आला, बहिणीचं लग्न ठरलं, तो परतला. मीही परतायला हवं होतं, पण मी नेपाळातनं फोन करून गावभर सांगून टाकलं होतं की पाच देश बघून येतो. तू परतला नाहीस ते माझ्यासाठी. तुला देश बघायचे नव्हते. तुला रात्री आपलीच झोपडी स्वप्नात यायची, आणि सकाळी उठून तू सॅक भरायचास.

आता लाओस. इथं मी नेहमी जळवा आणतो. आज आणत नाही.

नदीच्या वरच्या अंगाला, होडीतून उतरून, डोंगरातल्या एका वाडीपासून दुसऱ्या वाडीला जायचं होतं. तिथले लोक म्हणाले, वाटाड्या घ्या. मी छाती पुढं काढून म्हणालो, आम्हाला जंगल शिकवू नका, आम्ही जोयड्याचे. आम्ही म्हणे. तू माझ्याकडं बघितलंस आणि सॅकचे पट्टे आवळलेस. निम्म्या वाटेत मला ताप भरला आणि पोट सुटलं. पहिल्यांदा मी झाडाआड जात होतो. मग झाडापर्यंत पोचणं होईना. मग मला कळेनासं झालं. मी वाटेवर बसून रडलो, सोमा. हुंदके देऊन, आईला हाका मारत रडलो. मी इथंच मरणार, मला घरी ने, असं म्हणालो. तू मला पुढं घातलंस, म्हणजे मी दिसत राहीन. हाळी मी द्यायची होती. मी देत नव्हतो, तरी मागनं तू म्हणत होतास, आलं, आलं. नंतर मला चालवेना तेव्हा तू दोन्ही सॅक पोटाशी बांधल्यास आणि मला पाठीवर घेतलंस. मी कुठल्या अवस्थेत होतो ते तुला माहीत होतं, आणि तरी घेतलंस.

वाडी आली. खांबांवरची घरं. एक म्हातारी पुढं आली, तिनं तुला खूण केली, मला वर घरात घे म्हणून. तू मला घेतलं नाहीस लगेच. आधी खाली नदीवर नेलंस, अंघोळ घातलीस, माझे कपडे धुतलेस, दगडावर आपटून, तुझी लुंगी मला गुंडाळलीस. त्या म्हातारीच्या घरात घाण घेऊन शिरायचं नाही म्हणून. आणि वर गेल्यावर तिच्या चुलीवर कोनाचा तुकडा मीठ घालून उकडलास आणि मला चमच्यानं भरवलास. मला वास आला, आणि मी परत रडलो. शेवटचा तुकडा तू तिच्या परड्यात लावून आलास. वेल चढायला काठीही रोवलीस.

बरं वाटल्यावर मी पहिली गोष्ट काय बोललो? उपकार झाले म्हणालो का? नाही. मी म्हणालो, हे घरी कुणाला सांगू नको. तू म्हणालास, न्हाई सांगत.

तू सांगितलं नाहीस. मी मात्र त्याच्यावर माझ्या गोष्टीचं घर बांधलं.

पुढं व्हिएतनाम झालं, कंबोडिया झालं. कंबोडियात त्या मोठ्या देवळावर झाडं चढून बसलीत, मुळं अजगरासारखी भिंतींवरनं उतरलेली. जगातली माणसं देवळाचे फोटो काढत होती. तू झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणालास, कुणी तोडलं न्हाई, बरं केलं. ही एवढी गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून माझ्या धंद्यात ती चालत नाही. ती तेवढी तुझी तशीच राहिली आहे.

परत आलो. कुंभारवाड्याच्या चहाच्या टपरीसमोर माणसं जमली. कुणीतरी विचारलं, तिकडलं रान कसं हाय रं? मी तोंड उघडलं, आणि सोमा, मी ठरवलं नव्हतं. तोंड उघडल्यावर ते आपोआप आलं. मंजा पुढं, मी मागं, सोमा मधी. मंजा तिथं नव्हता. तू होतास. तू मान वर केलीस, तुझे ओठ हलले. मी नुसती मान हलवली, एवढीशी. तू ओठ मिटलेस. माणसं हसली. मग मी विमानतळ रंगवला, तेव्हा कुणीतरी तुला विचारलं, खरंच कोनाला बाँब म्हटलं काय रं? आणि तू माझ्याकडं बघून म्हणालास, व्हय, म्हटलं की. तू मला साथ दिलीस. तिथून पुढं तू दर वेळी साथ दिलीस.

मला वाटलं, तुझी माणसं तुला ओळखून आहेत, गोष्टीनं काय होतंय. पण माणसं म्हणू लागली, आपल्या रानात सोमा वाघ, पण परक्या मुलखात बिचारा भ्याला असंल. बिचारा. पुढच्या खेपेला वाडी देवाला रानात निघाली, तेव्हा तुला कुणी मागं राहू नको म्हटलं नाही. फक्त, तू पोचायच्या आधी मागं दुसराच एक जण उभा होता. तू त्याच्या पुढं जाऊन चालायला लागलास. हे मला तू सांगितलं नाहीस, वैनीनं सांगितलं, वर्षानं.

तू मला त्याबद्दल एकदाच बोललास. पाहुणे जीपनं गेले होते, आपण दोघं काठावर राफ्टमधली हवा सोडत होतो. माझ्याकडं न बघता म्हणालास, "दादू, मला माकड कर, अस्वल कर, कायपण कर. पण मधी घालू नको."

मी म्हणालो, "अरे गोष्ट हाय ती. तू कोण ते माणसास्नी म्हाईत हाय की."

"म्हाईत हुतं," तू म्हणालास.

मी हसण्यावारी नेलं. पाहुण्यांना आवडतं, म्हणालो. मंजाला मधी घालू काय, म्हणालो. तू राफ्टची घडी घातलीस आणि डोक्यावर घेऊन चढण चढायला लागलास. आपलं भांडण तिथं अर्धवट राहिलं ते राहिलंच. तू मला खोटं ठरवू शकत होतास, एका वाक्यात. पण ते वाक्य म्हणजे माझी नदीवर धुतलेली चड्डी. तू शब्द दिला होतास. म्हणून तू मधी चालत राहिलास, वर्षानुवर्षं, आणि दर हिवाळ्यात माझ्या घरी पोतंभर कोन आणि मुडल्यांचे कंद आणून टाकत राहिलास, आणि मी ते खाल्ले. लाज कशी असते बघ, ती खाताना कधी घशात अडकली नाही.

आता बारावं.

तुझी पोरगी वैशू. उत्तरेत, गंगेच्या वरच्या अंगाला, नदीवरचं काम शिकवणाऱ्या एका शाळेत तिची निवड झाली, हे तुला माहीत होतं. तूच तिला सोडायला जाणार होतास, सॅक काढून उन्हात टाकली होतीस. तू गेलास आणि ती म्हणाली, मी न्हाई जात. वैनीनं विचारलं का, तर म्हणाली, अव्वा, बाबा भायर जाऊन भ्याला हुता. आमचं रक्तच मधी चालणारं.  वैनीनं मला बोलावणं धाडलं. भावजी, तुमीच सांगा तिला, तुमचं बोलणं ऐकत्यात लोकं.

तर अंगणात कुणीतरी कोन सांग म्हणालं, वैशू दाराशी उभी होती, आणि मी ठरवलं, आज खरं. मी सांगितलं की कुत्री आली नव्हती. सांगितलं की मी रडलो, सोमा नाही. सांगितलं की सोमा मागं होता, त्यानं मला पाठीवरनं नेलं, दोन सॅकसकट.  आणि माणसं हसायला लागली. इतकी हसली की एकाच्या हातातली सुपारी सांडली. हात कसा हालिवतोय बघा, कुणी म्हणालं. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, दोन सॅक आणि वर ह्यो, आज सोमाला मारुतीच केलास की गा. मी म्हणालो, खरंच सांगतोय. त्यावर सगळ्यांत मोठं हसू फुटलं.

सोमा, मला लाज वाटली ती खोटेपणाची नव्हे. ती तर जुनी आहे, तिला मी केव्हाच पाट देऊन बसवलंय. मला लाज वाटली ती याची, की तुझ्या बाजूचा लाओसातला एकुलता एक साक्षीदार मी, आणि माझ्या साक्षीला कुत्रंसुद्धा भुंकेना. वैशू दारातून निघून गेली. ती हसली नाही, एवढंच मी बघितलं.

मी उठून मागं गेलो. गोठ्याजवळ ती मोठं पातेलं राखेनं घासत होती. मी नुसता उभा राहिलो. 

तिनंच सुरुवात केली. "दादूकाका, मंजाकाका मघाशी जेवून गेले, जाताना म्हणाले, ते बँकॉकातनंच परतले."

"व्हय."

"म्हंजे लाओसात तुम्ही दोघंच."

"व्हय."

"मग दोघांत मधला कोण?"

इतकी वर्षं, इतकी माणसं, शिकलेली, न शिकलेली, कुणी हे विचारलं नव्हतं. मी म्हणालो, कोण न्हाई. मी पुढं आणि तुझा बाबा मागं.

"ते तुम्ही आत्ता अंगणातबी सांगितलं," ती म्हणाली. "पण बाबा गेला म्हणून आज त्याला मागं ठेवलं नसंल कशावरनं? तुम्ही असं कायतरी सांगा, जे तुम्ही बनवणार न्हाई."

अंगणात मी रडलो तिथपर्यंत आलो होतो. त्याच्या पुढं गेलो नव्हतो. खरं सांगतानासुद्धा मी स्वतःपुरती लुंगी गुंडाळून घेतली होती. आता ती सोडली. वाटेवर काय झालं, माझे कपडे कसे झाले, तिचा बाप मला कसा पाठीवर घेऊन चालला आणि त्याच्या पाठीवरनं काय ओघळत होतं, नदीवर त्यानं काय धुतलं, सगळं सांगितलं. पोरीसमोर. तुझ्या पोरीसमोर, जिला मी अंगाखांद्यावर खेळवली. सांगताना मी पातेल्याकडं बघत होतो. तिचा घासणारा हात थांबला होता.

"बाबानं धुतलं?"

"व्हय."

"आणि कुणाला बोलला न्हाई."

"मी नको म्हटलं हुतं."

 तिनं पातेलं विसळलं, पालथं घातलं आणि म्हणाली, "म्हंजे तुम्हाला लाज वाटू नये म्हणून त्यानं माझ्यासमोरबी मान खाली घातली."

याला मी व्हय म्हणालो की नाही, आठवत नाही. तिनं मला माफ केलं असं लिहिलं, तर ती माझी आणखी एक थाप होईल. ती आत गेली. संध्याकाळी वैनीनं सांगितलं, पोरीनं उन्हातली सॅक आत आणली आणि भरायला घेतली.

मी आता बदललो, असंही लिहिणार नाही. परवा लॉजवर पाहुणे बसले होते, मालक म्हणाला, दादू, कोन. मी घसा बसलाय म्हणालो आणि आत जाऊन भांडी विसळत बसलो. एका पोरीला गोठ्यामागं खरं सांगणं वेगळं, आणि ज्या शेकोटीनं मला इतकी वर्षं मोठं केलं, तिच्यासमोर मधी बसणं वेगळं. तिथपर्यंत माझी अजून मजल नाही. तू असतास तर म्हणाला असतास, ऱ्हाऊ दे की दादू. याच तुझ्या ऱ्हाऊ देनं मला बिघडवलं. हेही तुझ्याशी भांडायचं राहिलं.

आणि एवढं सगळं लिहून झाल्यावर कळतं, की उपकाराचा शब्द मी अजून उच्चारलेला नाही. मला पाठीवर घेतलंस, सोमा. मरणार नव्हतो मी कदाचित, पण मला तेव्हा तसं वाटत होतं, आणि तू होतास. चमच्यानं भरवलेलं मला माझ्या आईनंतर तुझंच आठवतं.

वैशूला लोंढ्याला सोडायला मी गेलो. वैनीला दुखवट्याच्या दिवसांत घर सोडून निघवेना. जीपमध्ये मी गप्प होतो, ड्रायव्हरनं दोनदा वळून बघितलं, बरं नाही काय म्हणून. स्टेशनवर सॅक तिनं मला उचलू दिली नाही. पलीकडच्या फलाटावर जायच्या जिन्याशी आल्यावर म्हणाली, "काका, तुम्ही पुढं व्हा." मी झालो. माझ्या मागं तिची पावलं वाजत होती. मी वळून बघितलं नाही.

परत येईस्तोवर ऊन कललं होतं. वैनी दारातच बसल्या होत्या. कशी गेली पोरगी, म्हणाल्या. रडली काय?

माझ्या तोंडात काय काय तयार होतं, तुला सांगतो. गाडी तिच्यासाठी थांबून राहिली होती, टीसीनं सलाम ठोकला होता, अख्खा डबा तिला जागा द्यायला उभा राहिला होता. सगळं जिभेच्या टोकावर होतं, आणि वैनीला ते ऐकून बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, "रडली, वैनी. मीबी रडलो. मग गाडी आली आणि ती गेली."

वैनी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या, पुढचं ऐकायला. पुढं काही नव्हतं.